सूर कुठे सोडायचा

स्का म्हणजे जमैकात जन्मलेलं नाचायचं संगीत. त्याच्या बँडमध्ये ट्रॉम्बोन वाजवणाऱ्या माणसाचा निम्म्याहून जास्त वेळ न वाजवण्यात जातो. गाणं सुरू होतं, गिटार मात्रांच्या मधल्या जागा पकडते, बास सतत चालत राहतो, गायक अख्खं कडवं म्हणून मोकळा होतो आणि आपण वाद्य छातीशी धरून मात्रा मोजत उभे. मग एक छोटी ओळ येते. ट्रंपेट, सॅक्सोफोन, ट्रॉम्बोन असे तिघं मिळून ती फेकतात आणि परत थांबतात. मला त्या थांबण्याचा कधीच कंटाळा आला नाही. पुण्यात लहानपणी तबल्याच्या क्लासला जायचे. वाजवत नसतानाही ठेका अंगात चालू ठेवायचा असतो, हे सरांनी हातावर टाळी देत देत पक्कं करून घेतलं होतं. ते न्यू जर्सीतल्या एका तळघरात कामी आलं.

बाबांच्या नोकरीमुळे आम्ही नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला एडिसनला आलो. ओक ट्री रोडवर तेव्हाही आपली दुकानं होती, पोहे-मेतकूट मिळायचं, त्यामुळे आईचा जीव रमला. माझा जीव रमला तो शाळेच्या बँडमध्ये. तिथे बँड हा वेळापत्रकातला विषय असतो, गणित-इतिहासासारखा. विसर्जनाच्या मिरवणुकीत प्रभात बँड ऐकत वाढलेली मी, पितळी वाद्यांचा आवाज कानात होता. पण ट्रॉम्बोन जवळून पाहिला तो त्या शाळेत. नळी पुढे-मागे सरकवायची, तिच्यावर सात जागा, एकाही जागेवर खूण नाही. सूर कानानेच शोधायचा. हार्मोनियमपेक्षा हे गळ्याच्या जास्त जवळचं आहे असं मला पहिल्याच आठवड्यात वाटलं आणि अजूनही वाटतं.

आमचा बँड हायस्कूलच्या शेवटच्या वर्षांत जमला. ड्रम, बास, गिटार, ऑर्गन, गायक आणि आम्ही तिघं फुंकणारे. १९९७ साली बॉस्टनच्या मायटी मायटी बॉसटोन्सचं गाणं रेडिओवर सतत लागायचं. कॅलिफोर्नियाचे नो डाउट आणि रील बिग फिश सगळ्यांना माहीत झाले होते. पण आमच्या भागाला त्याची वाट पाहायची गरज नव्हती. शेजारच्या ईस्ट ब्रन्सविकमध्ये कॅच २२ हा बँड १९९६मध्ये सुरू झाला आणि १९९८च्या त्यांच्या पहिल्या अल्बमच्या नावात कीझ्बी आलं. कीझ्बी म्हणजे वुडब्रिज टाउनशिपमधली छोटीशी वस्ती, आम्ही रोज जिच्या जवळून जायचो ती. आपल्या गल्लीचं नाव सीडीवर छापलेलं पाहिलं की सोळा-सतरा वर्षांच्या मुलांना काय वाटतं, ते सांगायला नको. शिवाय तासाभरावर न्यू यॉर्क. तिथे टोस्टर्स या बँडच्या रॉब हिंग्लीने १९८३मध्ये काढलेली मून स्का ही रेकॉर्ड कंपनी होती आणि ईस्ट टेन्थ स्ट्रीटवर तिचं दुकान. गाडी चालवता येणारा कुणी मोठा भाऊ-बहीण मिळाला की आम्ही तिकडे पळायचो.

ड्रमरच्या मोठ्या भावाने मला एक कॅसेट भरून दिली. एका बाजूला साठच्या दशकातला जमैका, दुसऱ्या बाजूला १९७९ नंतरचं इंग्लंड. त्या कॅसेटने माझं सगळं ऐकणंच बदललं. तोवर स्का म्हणजे वेगवान, उड्या मारायचं, पंकच्या जवळचं संगीत अशी माझी समजूत. किंगस्टनचा स्का मात्र संथ निघाला, डौलदार, आणि वाजवणारे सगळे जॅझमध्ये मुरलेले. जमैका १९६२मध्ये स्वतंत्र झाला त्या सुमाराचं हे संगीत. अमेरिकेतल्या स्टेशनांवरून तिथे ऱ्हिदम अँड ब्लूज ऐकू यायचं, साउंड सिस्टिमवाले ते रस्त्यावर मोठ्याने वाजवायचे, आणि तेच पुढे स्वतःचं करताना जोर सरकला तो मात्रांच्या मधल्या जागेवर. स्कॅटलाइट्स हा तिथला बँड १९६४मध्ये जमला आणि १९६५मध्ये विखुरला. एवढ्या थोड्या काळात ब्रेंटफर्ड रोडवरच्या स्टुडिओ वनमध्ये आणि इतर ठिकाणी त्यांनी केलेलं काम आजवर पुरलं आहे.

त्यांचा ट्रॉम्बोनवाला डॉन ड्रमंड. त्याचे सूर उदास, बहुतेक मायनरमध्ये, एकेक सूर वजनदार. त्याने १९६५च्या जानेवारीत आपल्या सोबतिणीचा, मार्गारिटा नावाने नाचणाऱ्या अनिता महफूदचा, खून केला. १९६९मध्ये तो किंगस्टनच्या बेलव्ह्यू मनोरुग्णालयात वारला. हे कळल्यावर त्याचं संगीत ऐकताना मी अडखळले, आजही अडखळते. संगीत ऐकायचं थांबवलं नाही, पण तिचं नाव घेतल्याशिवाय त्याचं नाव घेत नाही. त्याच्याकडे शिकलेला रिको रॉड्रिगेझ १९६१मध्ये इंग्लंडला गेला आणि पुढे कॉव्हेंट्रीच्या स्पेशल्स या स्का बँडसोबत वाजवू लागला. कॅसेटच्या दोन्ही बाजूंना जोडणारा धागा माझ्याच वाद्याचा होता याचा मला केवढा अभिमान वाटला होता!

ड्रमंड, रिको आणि स्कॅटलाइट्समधलेच टॉमी मॅकूक, जॉनी मूर, लेस्टर स्टर्लिंग हे सगळे एकाच शाळेचे. किंगस्टनची अल्फा बॉइज स्कूल, कॅथलिक नन चालवायच्या, गरीब घरांतल्या मुलांसाठी. तिथे शिस्तीत स्वरलिपी आणि बँड शिकवत. बाबांना हे सांगितलं तर ते लगेच म्हणाले, "अगं, मग आपल्या गोव्याचं काय वेगळं आहे?" खरंच. गोव्यात चर्चच्या शाळांमधून मुलं स्वरलिपी वाचायला शिकली, मुंबईत येऊन हॉटेलांत जॅझ वाजवू लागली आणि तिथून सिनेमाच्या वाद्यवृंदांत गेली. चिक चॉकलेट म्हणजे अँटोनियो झेवियर वाझ हे त्यांच्यातलेच, सी. रामचंद्रांच्या संगीतात त्यांचा ट्रंपेट आहे. बाबा चितळकरांचे, म्हणजे सी. रामचंद्रांचेच, भक्त. त्यांनी माझ्या कॅसेटची पहिली बाजू स्वयंपाकघरात उभं राहून पूर्ण ऐकली आणि तो ट्रंपेट आपल्याकडचाच वाटतो म्हणाले. वेगवेगळ्या वसाहतींत, वेगवेगळ्या समुद्रांच्या काठी, चर्चने प्रार्थनेसाठी आणि परेडसाठी शिकवलेलं वाद्य मुलांनी नाचण्याच्या संगीतात नेलं. या विषयावर कुणीतरी मराठीत नीट, सविस्तर लिहायला हवं.

बँडमध्ये पहिली झटापट झाली ती पट्टीवरून. गिटारवाल्यांना ई आणि ए या पट्ट्या सोप्या, कारण मोकळ्या तारा हाताशी येतात. पण ट्रंपेट बी फ्लॅटचा आणि अल्टो सॅक्सोफोन ई फ्लॅटचा, म्हणजे कागदावर सी लिहिला की त्यांतून हे सूर निघतात. गिटार ईमध्ये वाजली की ट्रंपेटवाल्याच्या कागदावर सहा शार्प, म्हणजे चढवायचे सूर, येतात, सॅक्सोफोनवालीच्या कागदावर सात. दोघं वैतागायचे. माझा ट्रॉम्बोन लिहिलेलं तसंच वाजवतो, म्हणून मध्यस्थी माझ्याकडे आली. तोडगा स्कामध्येच होता. या संगीतात गिटारला मोकळ्या तारा नकोच असतात. बोटांनी पूर्ण पडदा दाबायचा, वरच्या तीन-चार तारांवर खालून वर एक झटका मारायचा आणि लगेच बोटं सैल सोडायची, म्हणजे आवाज कापला जातो. मग पट्टी कुठलीही असो, हात फक्त वर-खाली सरकवायचा. गिटारवाल्याला हे पटलं आणि आमची गाणी बी फ्लॅट, एफ, जी मायनर अशा पट्ट्यांत आली. त्या दिवसापासून आम्हा तिघांचा आवाज उघडला. फुंकणाऱ्यांना सोयीची पट्टी मिळाली की आवाजात गोलाई येते. लोकांना कारण कळत नाही, फरक मात्र कळतो.

कार्यक्रम व्हायचे ते माजी सैनिकांच्या संघटनेच्या हॉलमध्ये किंवा अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये. नव्वदच्या दशकातल्या न्यू जर्सीत वयाने लहान मुलांना संगीत ऐकायची जागा म्हणजे हीच. पाच डॉलर तिकीट, एका संध्याकाळी चार-पाच बँड, दारू नाही, गुळगुळीत फरशी. मुलं कोपरं आणि गुडघे उडवत नाचायची. आई सुरुवातीला काळजीत होती, रात्रीचे कार्यक्रम, अनोळखी मुलं. बाबा मला सोडायला यायचे आणि हॉलच्या मागच्या भिंतीशी उभे राहायचे. पुढे पुढे आमच्या ड्रमरला ते सांगू लागले की दुसऱ्या गाण्यात तुझी लय चढते. ड्रमर त्यांना 'काका' म्हणायचा, मी शिकवलं होतं, आणि त्यांचं ऐकायचा.

त्याच काळात मी स्कॅटलाइट्सना न्यू यॉर्कमध्ये ऐकलं. १९८३मध्ये ते पुन्हा एकत्र आले होते आणि नव्वदच्या दशकात सतत फिरत होते. टेनर सॅक्सोफोनवर रोलंड अल्फान्सो, अल्टोवर स्टर्लिंग, ड्रमवर लॉइड निब, बासवर लॉइड ब्रेव्हेट. साठी उलटलेली माणसं. मी पूर्ण वेळ फक्त फुंकणाऱ्यांकडे बघत होते. ते एकमेकांकडे पाहत नव्हते. सूर एकत्र लागायचा, त्याहून मोठं म्हणजे एकत्र संपायचा, जणू दार लागलं. १९९८च्या नोव्हेंबरात अल्फान्सो गेले. त्यांना ऐकायला मिळालं हे माझं भाग्य.

रेकॉर्डिंग आम्ही त्यानंतरच्या हिवाळ्यात केलं. हॉलच्या दारावर मिळालेले पैसे, गवत कापण्याचे पैसे, वाढदिवसाचे पैसे, सगळं एका डब्यात. एका माणसाने आपल्या गॅरेजचा स्टुडिओ केला होता. त्याच्याकडे अलेसिसची दोन एडॅट यंत्रं होती. त्या काळात छोट्या स्टुडिओंना या यंत्राने मोठा आधार दिला. एस-व्हीएचएस टेपवर आठ ट्रॅक डिजिटल भरायचे, दोन यंत्रं जोडली की सोळा. टेप मागे नेली की दुसरं यंत्र पहिल्याशी जुळेपर्यंत थांबायचं. ते काही सेकंद कुणी बोलायचं नाही.

ड्रम आणि बास आधी झाले, सोबत अंदाजासाठी गिटार. क्लिक, म्हणजे कानात टिकटिकणारी ठरलेली लय, वापरायचा की नाही यावर वाद झाला आणि न वापरायचं ठरलं. आमच्या गाण्यांत कोरसला लय किंचित पुढे जायची, ती तशीच हवी होती. बाबांच्या टोकण्यामुळे ड्रमरला ती कुठे आवरायची हेही कळलं होतं. मग गिटारचे झटके, स्वच्छ आवाजात. मग ऑर्गन, गिटारच्या मधल्या फटींत बुडबुड्यांसारखा उमटणारा. ऑर्गन नीट बसला की सगळं गाणं पुढे ढकललं जातं. ऐकणाऱ्यांना बहुधा पत्ताही लागत नाही, पण काढून टाका, गाणं खाली बसतं.

ड्रमनी सात ट्रॅक घेतले. बास, दोन गिटार, ऑर्गन, गायक, मागचे आवाज असं करत करत आमच्या तिघांच्या वाट्याला दोनच ट्रॅक उरले. स्टुडिओवाल्याने विचार करून सांगितलं: तिघं एका माइकभोवती उभे राहा, एका ट्रॅकवर वाजवा, मग तेच सगळं दुसऱ्या ट्रॅकवर पुन्हा वाजवा. एक डावीकडे ठेवू, एक उजवीकडे. तीन जणांचे सहा ऐकू येतील. माइक एकच, जुना रिबन माइक, समोरून आणि मागून दोन्हीकडून ऐकणारा. त्याची धातूची पट्टी इतकी नाजूक असते की वाऱ्याच्या झोताने बिघडते, म्हणून वाद्याचं तोंड थेट त्याच्यावर रोखायचं नाही. एका बाजूला सॅक्सोफोन आणि मी, दुसऱ्या बाजूला दूरवर ट्रंपेट. कुणाचा आवाज किती हे ठरवायला बटण नव्हतं, पाय होते. "ट्रंपेट, एक पाऊल मागे." "ट्रॉम्बोन, अर्धं पाऊल डावीकडे." जमिनीवर चिकटपट्टीच्या खुणा केल्या. एकदा टेपवर गेलं की आमच्यातला समतोल नंतर कुणालाही बदलता येणार नव्हता.

गॅरेज गार होतं आणि त्याने सगळं अवघड केलं. पितळी नळीतली हवा थंड असली की ध्वनीचा वेग कमी होतो आणि सूर उतरतो. ऑर्गन टेपवर आधीच भरलेला, तो आपल्या जागेवर ठाम. आम्ही त्याच्या खाली. हीटर लावला तर त्याची घरघर माइकमध्ये. म्हणून हीटर दोन टेकच्या मधे चालायचा, लाल दिवा लागण्याआधी बंद व्हायचा, आणि दिवा लागेपर्यंत आम्ही वाद्यात आवाज न काढता नुसता गरम श्वास सोडत राहायचो. माझी नळी सरकती, मी वाजवताना सूर सावरू शकत होते. बाकीच्या दोघांना तेवढी मोकळीक नव्हती. त्यामुळे मी त्या दोघांच्या सुराशी जुळायचं की ऑर्गनशी, हे दर टेकला ठरवावं लागायचं. हेडफोनचा एक कान मी बाजूला सारला होता. एका कानात टेप, दुसऱ्या कानात खोली. ट्रॉम्बोनवाल्या मुलांना मी आजही हेच सांगते.

पहिली दोन-तीन टेक ऐकून आम्ही खूश होतो. मग स्टुडिओवाल्याने बाकी सगळे ट्रॅक बंद करून फक्त आम्हाला ऐकवलं. सुरांच्या सुरुवाती एकदम जुळलेल्या, शेवट विस्कटलेले. ट्रंपेट आधी सोडतोय, सॅक्सोफोन मागे रेंगाळतोय, मी मधे कुठेतरी. हॉलमध्ये हे कधी ऐकू आलं नव्हतं, कारण तिथल्या भिंती आणि गर्दी शेवट झाकून टाकतात. टेप काही झाकत नाही.

आम्ही पेन्सिल घेऊन बसलो. प्रत्येक लांब सुराखाली तो कुठे सोडायचा ते लिहिलं. आधी वाटलं, पुढच्या समेवर सोडावा, साधं आणि मोजायला सोपं. वाजवून पाहिलं तर जड वाटलं. मग सॅक्सोफोनवालीला सुचलं की गिटारच्या झटक्यावर सोडून बघू. म्हणजे चौथ्या मात्रेनंतरच्या अर्ध्या जागी. आम्ही तिघं तिथे एकदम थांबलो आणि त्या रिकाम्या झालेल्या जागेत गिटारचा झटका असा काही उघडा पडला की काचेपलीकडे बसलेला गिटारवाला उठून उभाच राहिला. इतके महिने आम्ही त्याच्या ठोक्यावर सूर पसरून ठेवत होतो. सगळ्या बँडचा जीव ज्या उलट्या ठोक्यात, त्याला वाट करून देणं हे फुंकणाऱ्यांचं अर्धं काम आहे. स्कॅटलाइट्सच्या त्या दार लागल्यासारख्या शेवटांचं कारण मला तिथे कळलं.

शेवट जुळवायचे तर श्वासही जुळवावे लागतात. कुठे घ्यायचा, किती घ्यायचा. ट्रंपेटवाला पुढारी ठरला. तो वाद्याचं तोंड किंचित उचलायचा, आम्ही दोघं त्याच्याबरोबर श्वास घ्यायचो. दुसऱ्या ट्रॅकवर तेच सगळं पुन्हा वाजवताना आमच्या सोबत आता आमचेच आवाज हेडफोनमध्ये होते, त्यांच्याशीही जुळायचं. त्या थंड खोलीत कधीतरी, मधरात्रीच्या आसपास, मला माझा ट्रॉम्बोन वेगळा ऐकू येईनासा झाला. वाजवतेय हे ओठांना कळत होतं, कानांना एकच मोठं वाद्य ऐकू येत होतं. संगीतात त्याहून मोठा आनंद मला नंतरही क्वचितच मिळाला. एकटीने वाजवलेल्या कुठल्याही सोलोने तो दिलेला नाही.

मिक्सिंग हाताने झालं. यंत्राला काही लक्षात ठेवता येत नव्हतं, म्हणून चार-पाच जण टेबलाभोवती, प्रत्येकाच्या बोटाखाली एक-दोन सरकपट्ट्या, गाणं सुरू झालं की आपापल्या जागी वर-खाली. कुणी चुकलं की पहिल्यापासून. मागच्या आवाजांसाठी सगळ्या बँडने एका माइकसमोर ओरडून घेतलं होतं, ती पट्टी माझ्याकडे होती. मग हजार सीडी छापून आल्या आणि आमच्या तळघरात आईच्या लोणच्याच्या बरण्यांशेजारी त्यांचे खोके लागले. हॉलच्या दारात पाच डॉलरला एक विकायचो. बऱ्याच विकल्या गेल्या. आईने एक ओक ट्री रोडवरच्या ओळखीच्या दुकानदाराला दिली आणि त्याने ती किराण्याच्या काउंटरवर वाजवली.

कॉलेजांमुळे बँड सुटला. भांडण नाही, तक्रार नाही. त्याच सुमारास स्काची लाटही ओसरली, रेडिओ दुसरीकडे वळला, २०००मध्ये मून स्काही बंद झाली. हॉलमधले कार्यक्रम मात्र कमी-जास्त प्रमाणात चालू राहिले, कारण ते रेडिओच्या भरवशावर कधी नव्हतेच.

एडॅटच्या टेप ड्रमरच्या घरी होत्या. अशा टेप चालवणारं धड यंत्र मिळणं आता कठीण झालंय, पण त्याने एक मिळवलं, दुरुस्त करून घेतलं आणि सोळाच्या सोळा ट्रॅक कॉम्प्युटरवर उतरवून आम्हा सगळ्यांना पाठवले. आता प्रत्येक जण आपापल्या घरी बसून नव्याने मिक्स करतोय. गिटारवाल्याने झटके थोडे पुढे आणले, ड्रमचा आवाज मोठ्या खोलीत असल्यासारखा केला, ऑर्गनला अखेर त्याचा हक्काचा आवाज दिला. आम्हा तिघांचे दोन ट्रॅक तसेच आहेत, ट्रंपेट जितकं पाऊल मागे होता तितकाच मागे. सॅक्सोफोनवालीचं म्हणणं आहे की ते दोन ट्रॅक आवाजात एक पायरी वर घ्यावेत. माझं मत, नको, गिटारवर येतील. यावर अजून आमचं एकमत झालेलं नाही.